हशा कुठे तोडला, ते बघा

सिटकॉममधले, म्हणजे त्याच त्या पात्रांच्या विनोदी मालिकेतले, दोन लाडके चेहरे एखाद्या डार्क कॉमेडी चित्रपटात, म्हणजे मृत्यू-गुन्ह्यासारख्या काळोख्या विषयावर हसवणाऱ्या चित्रपटात, एकत्र दिसले की प्रेक्षकांचे लगेच दोन तट पडतात. पहिला तट म्हणतो, यांनी आपलं हसवायचं काम करावं, यांना प्रेत गाडताना बघवत नाही. दुसरा म्हणतो, कलाकाराला एकाच साच्यात कोंबू नका, प्रेक्षकानंच जरा मोठं व्हावं. मग आठवडाभर ‘त्याला जमलं की नाही’ या एकाच प्रश्नावर हमरीतुमरी चालते. हा वाद चुकीच्या जागी चालला आहे, असं माझं ठाम मत आहे. सिटकॉममुळे ओळखीचा झालेला चेहरा हे डार्क कॉमेडीच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार असतं. असे चित्रपट फसतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी. प्रेक्षकाचा हशा नेमका कुठे तोडायचा हे दिग्दर्शक आणि संकलकानं ठरवलेलं नसतं, किंवा तिकीट विकताना निर्मात्यानं भलतंच आश्वासन दिलेलं असतं. शिक्षा मात्र नटाला होते.

पहिल्या तटाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ‘फ्रेंड्स’चे २३६ भाग झाले. एका भागाची साधारण २२ मिनिटं धरली तर ८६ तासांहून जास्त वेळ होतो, आणि अनेकांनी ती मालिका दोनदा-तीनदा पाहिलेली असते. त्यासमोर चित्रपट दोन तासांचा. एवढ्या तासांत प्रेक्षक नुसता चेहरा ओळखायला शिकत नाही. भुवई किती वर गेली की विनोद येणार, आवाज कुठे चिरकला की समोरच्याची फजिती होणार, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडतं. विचार करण्याआधीच हसू फुटतं. म्हणून कुणी म्हणालं की ‘मला तो खुनी म्हणून दिसलाच नाही’, तर तो खोटं बोलत नसतो. स्वतःच्या प्रतिक्रियेची त्यानं केलेली नोंद अचूक असते. चुकतं ते निदान.

रॉबिन विल्यम्सचं २००२ हे एकच वर्ष घ्या. ‘मॉर्क अँड मिंडी’ (१९७८ ते १९८२) या सिटकॉमनं त्याला घराघरांत नेलं होतं. २००२ मध्ये त्याचे तीन काळोखे चित्रपट आले: ‘डेथ टू स्मूची’, ‘इन्सोम्निया’ आणि ‘वन अवर फोटो’. पहिला सपशेल आपटला, उरलेल्या दोघांमधल्या त्याच्या कामाचं कौतुक झालं. चेहरा तोच, वर्ष तेच, प्रेक्षकाच्या डोक्यातली जुनी आठवणही तीच. चेहऱ्याची सवय हेच अपयशाचं कारण असतं, तर तिन्ही ठिकाणी ते आडवं यायला नको होतं का?

यावर जाणकार विरोधक लगेच म्हणेल, कौतुक झालेले दोन्ही चित्रपट थरारपट होते. पडला तो नेमका डार्क कॉमेडी. म्हणजे विनोद आणि काळोख एकत्र आले की जुनी ओळख नडते. आक्षेप चांगला आहे आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. गंभीर चित्रपट हसण्याचं दार पहिल्या काही मिनिटांतच बंद करतो. मेरी टायलर मूर सात वर्षं स्वतःच्या नावाच्या सिटकॉमची नायिका होती. १९८० मध्ये ‘ऑर्डिनरी पीपल’मध्ये ती मुलाच्या मृत्यूनंतर आतून गोठलेली आई झाली आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली. तिथे प्रेक्षकाला गोंधळायला जागाच नव्हती. डार्क कॉमेडी ते दार उघडं ठेवते. ती आधी हसवते आणि मग आपण कशाला हसलो ते बघायला लावते. साहजिकच तिथे हसण्याची जुनी सवय थेट वापरात येते. पण सवय वापरात येणं म्हणजे सवय आडवी येणं असं कसं म्हणता येईल?

‘डेथ टू स्मूची’चा दिग्दर्शक होता डॅनी डेव्हिटो, म्हणजे ‘टॅक्सी’ या सिटकॉममधला तो खवट लुई. याच माणसानं १९८९ मध्ये ‘द वॉर ऑफ द रोझेस’ केला. घटस्फोटाला निघालेलं जोडपं एकमेकांचं घर, गाडी, मान, सगळं उद्ध्वस्त करत शेवटी मरतं. तो चित्रपट चालला, भरपूर चालला. त्यात डेव्हिटो स्वतः वकिलाच्या भूमिकेत आहे आणि घटस्फोट मागायला आलेल्या एका अशिलाला तो ही सगळी हकीकत सांगतो आहे. ही चौकट दिसायला साधी आहे, पण सगळं काम तीच करते. सुरुवातीलाच कळतं की गोष्टीचा शेवट वाईट आहे, सांगणाऱ्याला तो ठाऊक आहे, आणि तरीही मधे हसायची परवानगी आहे. त्यामुळे सिटकॉममधला ओळखीचा चेहरा सांगतोय हे पथ्यावरच पडतं. ‘स्मूची’त अशी कुठलीच दोरी प्रेक्षकाच्या हाती दिलेली नाही. सगळे पहिल्यापासून एकाच पट्टीत ओरडतात. काळोख येतो तेव्हा तो आधीच्या आरडाओरड्यापेक्षा वेगळा वाटत नाही. दोष कुठे आहे, हे एकाच माणसाचे हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की दिसतं.

आता पहिल्या तटाचा दुसरा आणि माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा: सिटकॉमचं प्रशिक्षणच वेगळं असतं. हे खरं आहे, आणि ते नेमकं कसं हे समजून घेतल्याशिवाय वाद पुढे सरकत नाही. पारंपरिक सिटकॉम तीन-चार कॅमेऱ्यांवर, तीन भिंतींच्या सेटवर, समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे चित्रित होतो. हशा उसळला की नट पुढचं वाक्य धरून ठेवतो, पण चेहरा निर्जीव होऊ देत नाही. हशा उतरायला लागला की तो पूर्ण विरण्याआधी पुढचं वाक्य टाकतो, नाहीतर दृश्याचा वेग पडतो. आवाज आणि हावभाव मागच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे असतात. बरेचसे शॉट मध्यम अंतराचे असल्यामुळे थोडं जास्त केलेलंही खपतं. प्रत्येक प्रवेशाचा शेवट टाळीच्या वाक्यावर होतो, आणि भाग संपता संपता घडी बहुधा पुन्हा पहिल्यासारखी बसते.

हीच शिस्त जशीच्या तशी चित्रपटात आणली तर काय होतं? चित्रीकरणाच्या वेळी समोर हसायला कुणी नसतं. वाक्यानंतर सवयीनं सोडलेली दीड-दोन सेकंदांची जागा पडद्यावर भोक पडल्यासारखी दिसते. क्लोज-अपमध्ये तोच हावभाव दुप्पट मोठा होतो. मग संकलक ती पोकळी बुजवायला समोरच्या पात्राच्या प्रतिक्रियेवर कट मारतो: डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. डार्क कॉमेडी मरते ती या कटवर. प्रतिक्रियेचा तो शॉट प्रेक्षकाला सांगतो की इथे हसायचं आहे, आणि कुणीतरी तुमच्या वतीनं धक्का बसवून घेतला आहे. खरं तर दोन चांगले पर्याय हाताशी असतात. बोलणाऱ्याच्याच चेहऱ्यावर कॅमेरा ठेवून त्याला अवघडू द्यायचं, किंवा थेट परिणामावर कट घ्यायचा: जखम, रिकामी खुर्ची, दाराशी उभा पोलीस. पहिल्यात हसू अडखळतं, दुसऱ्यात ते घशात अडकतं. हा निर्णय नट घेत नाही. तो सेटवर दिग्दर्शक घेतो आणि संकलनाच्या टेबलावर पक्का होतो. नटाची पॉज घेण्याची सवय दोन दिवसांच्या तालमीत सुटू शकते. संकलनातला कट चुकला तर तालमीचा काही उपयोग होत नाही.

शिवाय ‘सिटकॉमवाले’ म्हणून सगळ्यांना एका रांगेत उभं करणंही चूक आहे. ‘द ऑफिस’ किंवा ‘माल्कम इन द मिडल’ एका कॅमेऱ्याच्या पद्धतीनं, समोर प्रेक्षक न बसवता, मागून रेकॉर्ड केलेला हशा न घालता केलेल्या मालिका आहेत. तिथे अवघडलेली शांतता हाच विनोद असतो. ‘द ऑफिस’मध्ये वर्षानुवर्षं घालवलेल्या स्टीव्ह कॅरेलनं २०१४ मध्ये ‘फॉक्सकॅचर’मधला थंड, भीतीदायक कोट्यधीश केला आणि ऑस्करचं नामांकन मिळवलं, ते काही आकाशातून पडलेलं नव्हतं. न हसवता थांबणं तो आधीच शिकला होता. एखाद्या नटाच्या डार्क कॉमेडीबद्दल मत देण्याआधी तो यातल्या कोणत्या शाळेतून आला आहे एवढं बघितलं तरी निम्मे वाद मिटतील.

खुद्द सिटकॉमच्या इतिहासात हा धडा फार आधी गिरवला गेला आहे. ‘मॅश’ (१९७२ ते १९८३) ही कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची मालिका. वाहिनीला तिच्यावर मागून घातलेला हशा हवाच होता. निर्मात्यांनी झगडून एक सवलत मिळवली: शस्त्रक्रियागृहातल्या दृश्यांवर हशा घालायचा नाही. पात्रं तीच, वात्रट बोलणंही तेच, फक्त टेबलावर रक्ताळलेला सैनिक आणि मागे शांतता. नटांनी काहीही वेगळं न करता विनोदाचा अर्थ बदलतो, तो केवळ हशा कुठे बंद केला यामुळे. १९७५ मध्ये याच मालिकेनं हेन्री ब्लेक या लाडक्या पात्राला घरी परतताना विमान पाडून मारलं, तेव्हा प्रेक्षकांची रागावलेली पत्रं आली. विनोदी मालिकेत असं करतात का, हीच तक्रार होती. आज त्या मालिकेचं नाव निघालं की जाणकार आधी त्याच भागाबद्दल बोलतात. ते पत्र लिहिणारे अडाणी होते का? मुळीच नाही. त्यांना बसलेला धक्का हाच त्या दृश्याचा हेतू होता, आणि तीन वर्षं हसवलेल्या चेहऱ्याशिवाय तो बसला नसता.

‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) हे याहून नेमकं उदाहरण. पीटर सेलर्स रेडिओवरच्या ‘द गून शो’ या अचाट विनोदी कार्यक्रमातून नावारूपाला आलेला. स्टॅन्ली क्युब्रिकनं अणुयुद्धावरच्या एका गंभीर कादंबरीपासून सुरुवात केली, लिहिता लिहिता तो विनोदाकडे वळला आणि सेलर्सला तीन भूमिका दिल्या. शेवटासाठी युद्धकक्षात पुढाऱ्यांची एकमेकांवर क्रीमचे ‘पाय’ (केकसारखा गोड पदार्थ) फेकण्याची भलीमोठी हाणामारी चित्रितही झाली होती. क्युब्रिकनं ती काढून टाकली, कारण ते प्रहसन उरलेल्या चित्रपटाच्या सुराला धरून नव्हतं. त्या दृश्यात सगळ्यांना आपण गंमत करतोय हे कळतंय असं दिसलं असतं. उरलेल्या चित्रपटात एकाही पात्राला आपण विनोदी आहोत याचा पत्ता नाही. डार्क कॉमेडीचा कणा हाच आहे. ती हाणामारी ठेवली असती आणि चित्रपट पडला असता, तर ‘रेडिओवरचा विदूषक, त्याला अणुबॉम्बचा विषय काय पेलणार’ असं लिहिलं गेलं नसतं कशावरून?

आपल्याकडचं ‘जाने भी दो यारों’ (१९८३) तर दोन्ही कलांचं सख्खं नातंच दाखवतं. सतीश शाह त्यातला भ्रष्ट आयुक्त डिमेलो, आणि अर्ध्या चित्रपटात त्याचं प्रेत. महाभारताच्या नाटकात ते प्रेत साडी नेसून द्रौपदी म्हणून उभं राहतं आणि प्रेक्षागृह हसून कोसळतं. त्यात भर म्हणजे प्रेत झालेला नट काहीच करत नाही. त्याचं ते निश्चल राहणंच हसवतं. शेवटी दोन्ही भाबडे छायाचित्रकार कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावर दिसतात, गळा चिरल्याची खूण करतात, आणि मागे आशेचं गाणं वाजत असतं. इतका वेळ आपण एका खुनाच्या दडपणुकीला हसत होतो हे तेव्हा कळतं. पुढच्याच वर्षी या चित्रपटाचा दिग्दर्शक कुंदन शाहनं ‘ये जो है जिंदगी’ हा सिटकॉम दिग्दर्शित केला आणि त्यात सतीश शाह दर भागात नव्या भूमिकेत आला. तोच नट, तोच दिग्दर्शक. एका बाजूनं दुसरीकडे जाता येत असेल तर उलट वाट बंद आहे असं कोणत्या आधारावर म्हणायचं? मराठी प्रेक्षकानं तर दिलीप प्रभावळकरांना दूरदर्शनवर चिमणराव म्हणून डोक्यावर घेतलं, १९९३ मध्ये ‘झपाटलेला’त तात्या विंचू म्हणून त्यांची धास्ती घेतली आणि २००१ पासून आबा टिपरे म्हणून पुन्हा घरातलं मानलं. आपल्या स्मरणशक्तीवर आपणच इतका अविश्वास का दाखवावा?

राहिला तिकिटाचा मुद्दा, आणि इथे मी पूर्णपणे प्रेक्षकाच्या बाजूनं आहे. माणूस पैसे देतो, वेळ काढतो, कधी मुलांना घेऊन जातो. जाहिरातीत फक्त गमतीची वाक्यं आणि उड्या मारणारं संगीत दाखवलं असेल आणि आत अत्याचार, आत्महत्या किंवा खून निघाला, तर फसवणूक झाल्याची भावना रास्तच आहे. ‘द केबल गाय’ (१९९६) हे याचं ठळक उदाहरण. मुळात हलक्याफुलक्या मैत्रीची असलेली ती संहिता दिग्दर्शक बेन स्टिलरनं काळवंडून टाकली. विनोदी नट जिम कॅरीला त्यातल्या भूमिकेसाठी मिळालेले दोन कोटी डॉलर हीच तेव्हाची मोठी बातमी होती, आणि लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचा नेहमीचा धिंगाणा बघायला गेले. पडद्यावर मिळाला तो दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर एकटाच वाढलेला, सिटकॉममधल्या पात्रांची नावं स्वतःला लावून फिरणारा, मैत्रीसाठी दुसऱ्याचं आयुष्य पोखरणारा माणूस. त्याच चित्रपटात पार्श्वभूमीला सतत एक खटला चालू असतो: सिटकॉममधला एकेकाळचा बालकलाकार आपल्या जुळ्या भावाच्या खुनाचा आरोपी आहे. म्हणजे लाडक्या चेहऱ्यांवरचं आपलं प्रेम हाच चित्रपटाचा विषय होता, आणि तो चेहरा वापरल्याबद्दलच त्याला शिव्या बसल्या. जगभरात दहा कोटी डॉलरच्या आसपास कमाई होऊनही तो ‘पडलेला’ म्हणून ओळखला गेला.

पहिल्या दिवशीचा राग आणि चित्रपटाची योग्यता यांत गल्लत करू नये ती यासाठीच. अमेरिकेत ‘सिनेमास्कोअर’ ही संस्था पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेते आणि ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी काढते. ही श्रेणी बहुतांशी अपेक्षा पुरी झाली का हे मोजते. ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ या २०१३ च्या काळ्या विनोदाला सी मिळाली, आणि त्यानं जगभरात ३९ कोटी डॉलरच्या वर कमावले. चॅप्लिनची गोष्ट तर त्याहून जुनी. १९४७ मध्ये ‘मस्यू व्हर्दू’त तो बायकांना लग्नात अडकवून मारणारा सभ्य गृहस्थ झाला आणि अमेरिकेत चित्रपटाची दैना उडाली. त्यामागे त्याच्या राजकीय मतांवरून पेटलेला रागही होता, हे मान्य करायला हवं. पण ‘आमच्या त्या भटक्याला खुनी का केलंत’ ही वेदनाही खरी होती. पुढच्या पिढ्यांनी तोच चित्रपट आदरानं पाहिला. मधल्या काळात चॅप्लिनचा चेहरा बदलला नव्हता.

दुसऱ्या तटाचा युक्तिवादही मला पटत नाही, आणि तो आपल्या बाजूचा वाटतो म्हणून सोडून देणं बरोबर होणार नाही. ‘धाडस केलं’ हे कौतुक अपुरं आहे. काही कलाकार काळोखी भूमिका केवळ आपण गंभीर आहोत हे सिद्ध करायला घेतात: दाढी वाढवायची, आवाज खाली न्यायचा, हसवायचं सोडून द्यायचं. मग तो ओळखीचा चेहरा घेतलाच कशाला? लिसा कुड्रोनं ‘द ऑपोझिट ऑफ सेक्स’मध्ये (१९९८) उलटं केलं. ‘फ्रेंड्स’ चालू असतानाच तिनं कडवट, एकाकी शिक्षिका उभी केली. वाक्य टाकण्याची तिची वेळ जशीच्या तशी होती, फक्त त्यातला भाबडा ओलावा तिनं काढून घेतला. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी तिला त्या वर्षीची सर्वोत्तम सहाय्यक अभिनेत्री ठरवलं. जेनिफर अ‍ॅनिस्टननं २००२ च्या ‘द गुड गर्ल’मध्ये आपला वेग मंदावला, हात लटकते ठेवले, वाक्याच्या शेवटी येणारी ती चमक विझवली. दोघींनी जुनी ओळख पुसली नाही. तिचा एकेक धागा सोडवला. मत द्यायचं तर असं बारकाईनं द्यावं. एक सोपी चाचणीही करता येते. फसलेलं दृश्य मनात अनोळखी नट घालून पुन्हा बघावं. तरीही ते पडत असेल तर दोष लेखनाचा किंवा संकलनाचा. अनोळखी नटासह ते उभं राहत असेल, तरच निवड चुकली म्हणावं.

एवढा आग्रह धरण्याचं कारण, या मतांची किंमत नट मोजतात. लक्ष्मीकांत बेर्डेंनी १९९२ मध्ये जब्बार पटेलांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये, पु. ल. देशपांड्यांच्या संहितेवर, आयुष्यातली सर्वांत खोल भूमिका केली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्यांच्या नेहमीच्या प्रेक्षकानं पाठ फिरवली, आणि तशी दुसरी भूमिका त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. प्रेक्षकाचं ‘हा त्यातला नाही’ हे वाक्य पैसे गुंतवणाऱ्यांच्या टेबलावर जसंच्या तसं पोहोचतं. ‘ब्रेकिंग बॅड’ या गुन्हेगारी मालिकेच्या नायकासाठी ब्रायन क्रॅन्स्टनचं नाव निघाल्यावर वाहिनीच्या अधिकाऱ्यांना ‘माल्कम इन द मिडल’मधला तो गोंधळलेला बापच आठवत होता. मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगनला त्यांना ‘द एक्स-फाइल्स’चा १९९८ चा एक जुना भाग दाखवावा लागला, ज्यात क्रॅन्स्टननं एक तिरस्करणीय आणि तरीही कीव यावी असा माणूस केला होता. तो भाग बघून अधिकाऱ्यांनी होकार दिला. बहुतेक सिटकॉम नटांकडे दाखवायला असा जुना भाग नसतो.